सुपारीचा तमाशा, तिकिटाची शर्यत

चैत्रातल्या यात्रांच्या आधी नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे कारभारी तिथे येतात, फडमालकाशी बोलणी होते, तारीख आणि सुपारी ठरते, विसार दिला जातो आणि यात्रेच्या रात्री फड त्या गावात उभा राहतो. त्या रात्री तमाशा पाहणाऱ्याकडे कोणी पैसे मागत नाही, कारण ते गावाने आधीच दिलेले असतात. वर्गणी भरलेला माणूस बसतो, भरण्याची ऐपत नसलेला बसतो आणि शेजारच्या गावाहून पाहुणा म्हणून आलेला, ज्याचा ह्या हिशेबाशी काडीचा संबंध नाही, तोही कडेला जागा धरून बसतो. ह्याच फडांचा दुसरा हिशेब तंबूचा आहे. मोठ्या गावी कनात लावायची, दारावर तिकीट फाडायचे आणि तिकीट काढील त्यालाच आत घ्यायचे. ढोलकी तीच, गण तोच, गौळणही तीच. समोर बसलेला माणूस मात्र वेगळा असतो. तंबूत बसलेला प्रत्येक जण तमाशा पाहायचाच असे ठरवून आलेला असतो. सुपारीच्या तमाशात निम्मे लोक असे असतात की त्यांनी असे काही ठरवलेले नसते; आवाज आला म्हणून ते आले.

मोटारशर्यतींच्या प्रक्षेपणावर लिहायला घेतले असता आम्हांला हे दोन हिशेब आठवले, ह्याचे कारण गेल्या काही वर्षांत भारतातला फॉर्म्युला वनचा प्रेक्षक सुपारीच्या तमाशातून उठून तंबूत जाऊन बसला आहे. २०२२ च्या हंगामापर्यंत ह्या शर्यती आपल्याकडे स्टार स्पोर्ट्सच्या वाहिन्यांवर दिसत. त्या हंगामानंतर तो करार संपला आणि २०२३ साली भारतातल्या एकाही दूरचित्रवाणी वाहिनीवर फॉर्म्युला वन नव्हती. ज्याला पाहायची असेल त्याने फॉर्म्युला वनच्या स्वतःच्या सशुल्क सेवेचे, वर्षाला सुमारे तीन हजार रुपये भरून, सदस्य व्हावे अशी सोय झाली. २०२४ पासून हे हक्क फॅनकोड ह्या भारतीय सेवेकडे आले आणि दर एकदम खाली उतरला. त्या वर्षी एका शर्यतीच्या आठवड्याला ४९ रुपये पडत. दर उतरला तरी माध्यम तेच राहिले. वाहिनी बदलता बदलता शर्यत समोर येण्याचा काळ २०२२ च्या नोव्हेंबरात अबुधाबीच्या शर्यतीबरोबर संपला.

ह्या बदलावर चाहत्यांची जी तक्रार आपण ऐकतो ती बहुतेक पैशांची असते: पूर्वी फुकट होते, आता पैसे पडतात. ही तक्रार आम्हांला खरी वाटत नाही. पूर्वी फुकट कधी नव्हतेच. नव्वदीच्या दशकात केबल आली तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या आठवड्यात केबलवाला दारात उभा राहत असे, आणि त्या पैशांतच सगळे येत असे. फरक इतकाच की ते पैसे कोणी कशासाठी भरले हे कोणालाच ठाऊक नव्हते. सासूबाई मालिकेसाठी भरत, सासरे बातम्यांसाठी, नातू कार्टूनसाठी, आणि घरातला एखादा महाविद्यालयीन मुलगा रविवारी संध्याकाळी सगळ्यांच्या पैशांवर शूमाकर आणि हॅकिनेनची शर्यत पाहून घेई. ती वर्गणीच होती, गावाच्या यात्रेसारखी. भरणारे एक, पाहणारे दुसरे, आणि हिशेब कोणी मागत नसे.

ही वर्गणी मोडायला काही वर्षे लागली, आणि ती मोडताना प्रत्येक टप्प्यावर ग्राहकाचे हितच सांगितले गेले. ते अगदी खोटेही नव्हते. २०१२ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईत आणि २०१३ च्या मार्चअखेर पुण्यात केबल डिजिटल झाली. खेड्यापाड्यांत हे काम २०१७ पर्यंत चालले. प्रत्येक घरात पेटी आली, म्हणजे कोण काय घेते हे मोजण्याची सोय आली. मग फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नव्या दरपद्धतीने प्रत्येक वाहिनीची किंमत छापील झाली. गुच्छात घालायच्या वाहिनीची किंमत १९ रुपयांच्या वर नको, आणि ग्राहकाने हवी तीच घ्यावी, असे ठरले. ऐकायला ह्याहून न्याय्य काही असणार नाही. ज्याला वांगी नकोत त्याच्या पिशवीत वांगी का घालायची? पण ह्याच न्यायाने त्या महाविद्यालयीन मुलाची शर्यत घराच्या यादीतून गेली. कारण यादी करायला घर बसले तेव्हा मालिका आणि बातम्यांना मते पडली, मोटारशर्यतीला एकच मत पडले. अल्पसंख्य आवडींना आजवर कोणी मुद्दाम आश्रय दिला नव्हता. हिशेब ढिला होता म्हणून त्या जगल्या. हिशेब नेमका झाला आणि त्यांचा आसरा गेला.

ह्या धंद्याच्या इतिहासात एक प्रकरण आहे, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. फॉर्म्युला वनचा कारभार बर्नी एकलस्टन यांच्या हाती होता तेव्हा १९९६ साली त्यांनी जर्मनीपासून सुरुवात करून एक सशुल्क डिजिटल सेवा काढली. ती काळाच्या फार पुढे होती. प्रेक्षकाने स्वतः कॅमेरा निवडावा, चालकाच्या डोक्यामागून शर्यत पाहावी, वेळेचे आकडे वेगळ्या चौकटीत पाहावेत, असे सगळे तिच्यात होते. आज ज्या गोष्टींसाठी सेवा आपली पाठ थोपटून घेतात त्यांतल्या पुष्कळशा तिथे पंचवीस-तीस वर्षांपूर्वी होत्या. ती २००२ च्या हंगामानंतर बंद करावी लागली. पुरेसे लोक पैसे देईनात, कारण तीच शर्यत शेजारच्या वाहिनीवर साध्या रूपात दिसत होती. ह्यातून धंद्याने जो धडा घेतला तो आम्हांला ह्या सगळ्या प्रकरणाची किल्ली वाटतो. तंबू अधिक चांगला करून लोक तंबूत येत नाहीत. गावातली सुपारी बंद पडली की येतात. पुढे ब्रिटनमध्ये २०१२ साली निम्म्या शर्यती केवळ स्कायवर गेल्या, २०१९ पासून जवळजवळ सगळ्याच गेल्या, आणि चॅनल फोरकडे उरले ते शर्यतींचे सारांश आणि घरची ब्रिटिश ग्राँ प्री. जर्मनीत आरटीएलने १९९१ पासून चालवलेले खुले प्रक्षेपण २०२० ला थांबले. नंतर थोड्या शर्यती तिला परत मिळाल्या, पण दर पंधरवड्याच्या रविवारची ती सवय गेली ती गेलीच.

आता मढविषयी. माळशेज घाट चढून कल्याण–अहिल्यानगर महामार्गाने ओतूरकडे निघाले की वाटेत हे गाव लागते. एका अंगाला हरिश्चंद्रगडाचे डोंगर, दुसऱ्या अंगाला पिंपळगाव जोगा धरणाचे पाणी. मढमध्ये फॉर्म्युला वनचे चाहते असतील किती, असे कोणी हसून विचारील. आम्ही ह्या प्रश्नाला हसत नाही, कारण प्रश्न विचारण्याची ही रीतच सशुल्क प्रक्षेपणाची रीत आहे. आधी चाहते मोजायचे, मग त्यांना माल विकायचा. चाहता तयार कसा होतो हे तिच्या हिशेबात येत नाही.

आमच्या मते ह्या पट्ट्यातला माणूस मोटारशर्यतीचा चाहता होण्यास इतर कोणाहूनही अधिक लायक आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ ह्या तालुक्यांत सेकंद ही घराघरातली गोष्ट आहे. इथल्या बैलगाडा शर्यतीत गाडे एकमेकांशेजारी पळत नाहीत. घाटात एका वेळी एकच गाडा सुटतो, पुढे घोडी असते, आणि गाडा निशाणाला किती सेकंदांत पोचला ह्यावर सारे ठरते. अकरा सेकंद की बारा, आणि बाराच्या पुढे शंभरावा भाग किती, ह्यावर गावे रात्र रात्र बोलतात. फॉर्म्युला वनमध्ये २००३ ते २००५ ह्या काळात पात्रताफेरी नेमकी अशीच होती: एका वेळी एक गाडी, रिकामा रस्ता आणि घड्याळ. मायकेल शूमाकर त्या फेरीत एकटा पळे तेव्हा त्याची जी बारी होती ती थापलिंगच्या पायथ्याच्या म्हाताऱ्याला समजावून सांगावी लागली नसती. उलट, पहिल्या वळणावर तो कुठे हरला हे त्यानेच आपल्याला सांगितले असते.

यंत्राचेही तसेच. रात्रीतून भाजीपाला मुंबईकडे नेणारे पिकअप ह्याच रस्त्याने माळशेज उतरतात; ओला घाट, भरलेली गाडी आणि ब्रेक किती गरम झाले आहेत ह्याचा अंदाज, हे ज्ञान इथे पुस्तकांतून येत नाही. दक्षिणेला चाकण आहे. तिथल्या कारखान्यांत ह्या दोन्ही तालुक्यांतली मुले कामाला जातात, आणि त्या कारखान्यांत एक मर्सिडीज-बेंझचा आहे. ह्याच नावाच्या संघाने २०१४ ते २०२१ अशी सलग आठ वर्षे फॉर्म्युला वनची संघविजेतेपदे जिंकली. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत मुले स्वतःच्या हातांनी एका माणसाची शर्यतीची गाडी बांधून स्पर्धांना नेतात. त्यांच्यातली कितीतरी अशाच गावांहून आलेली असतात. आणि जाता जाता हेही सांगून टाकतो, की उपग्रहावरून परदेशाशी बोलणारे भारताचे पहिले मोठे भूकेंद्र १९७१ साली सुरू झाले ते ह्याच तालुक्यात, आर्वीला. जगाचा आवाज देशात ज्या दारातून आला ते दार इथे होते. त्या दाराशेजारच्या गावात आज एखाद्या पोराने मोटारशर्यत चुकून पाहण्याची शक्यता १९९८ पेक्षा कमी झाली आहे.

‘चुकून’ हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरला. युरोपातल्या शर्यती त्या काळी आपल्याकडे रविवारी संध्याकाळी साडेपाचला सुरू होत. ती वेळ मोठी विलक्षण होती. दुपारची झोप झालेली, चहा झालेला, सोमवारची धास्ती अजून आलेली नाही, आणि कोणाच्याच आवडीचे काही लागलेले नाही. अशा वेळी कोणी वाहिन्या फिरवता फिरवता थांबे, कारण पडद्यावर पावसात वीस गाड्या पाण्याची वाफ उडवत चाललेल्या असत. थांबलेला माणूस विचारी, हे काय आहे? घरातला जाणता मुलगा सांगू लागे. तिसऱ्या रविवारी आजोबा विचारू लागत, तो तांबड्या गाडीवाला आज पुढे का नाही? आम्हांला माहीत असलेल्या चाहत्यांपैकी फार थोडे शर्यत शोधत गेले होते; शर्यत त्यांच्यावर येऊन आदळली. २००५ च्या मार्चमध्ये नारायण कार्तिकेयन जॉर्डनच्या गाडीतून मेलबर्नला उतरला तेव्हा भारताच्या पहिल्या फॉर्म्युला वन चालकाला पाहायला जे घरोघर बसले त्यांच्यापैकी कितींनी, पैसे भरा आणि मग पाहा असे म्हटले असते तर, खिशात हात घातला असता?

ह्यावर एक आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. २०२४ साली एका शर्यतीला ४९ रुपये पडत, म्हणजे मिसळीच्या एका प्लेटीहून कमी. मुलांच्या फोनचा रिचार्ज ह्याहून कितीतरी महाग. ज्याला आवड आहे त्याला हे जड नाही; आणि त्या पैशांत सराव, पात्रताफेरी, शर्यत सगळे मिळते. पूर्वी क्रीडावाहिनी ऐन रंगात जाहिरात लावी, पिटस्टॉप निघून जात, आणि क्रिकेटचा सामना लांबला की शर्यत दुसरीकडे ढकलली जाई, तिथे ती सापडली तर सापडली. नव्या व्यवस्थेत हे सारे गेले. आम्ही हे मान्य करतो. खऱ्या चाहत्याची ह्या बदलात सोयच झाली आहे, आणि जो पैसे वाचवण्यासाठी चोरवाटेने कुठल्या तरी संकेतस्थळावर शर्यत पाहतो त्याची बाजू घेण्याचे आम्हांला कारण दिसत नाही. २०२३ मध्ये निदान तसे म्हणण्यासारखी परिस्थिती होती. ४९ रुपयांना तसे म्हणता येत नाही.

पण हा आक्षेप चाहत्यासाठी आहे, आणि आमची तक्रार जो अजून चाहता झालेला नाही त्याच्यासाठी आहे. त्याच्यासमोर ४९ रुपये आणि ४९०० रुपये ह्यांत फरक नाही. त्याला ॲप उतरवायचे माहीत नाही, कारण काय उतरवायचे हे माहीत नाही. किंमत कितीही खाली आणली तरी दाराशी येऊन नाव सांगावे लागते, आणि नाव सांगायला आधी नाव माहीत असावे लागते. शिवाय पडदा हातात आला. दिवाणखान्यातल्या पेटीवर शर्यत लागली की ती खोलीतल्या सगळ्यांना लागे. हातातल्या फोनवर कानात बोंडे घालून पाहिलेली शर्यत शेजारी बसलेल्या धाकट्या भावालाही दिसत नाही. आवड घरात एकाकडून दुसऱ्याकडे जायची ती ह्या फटीतून. ती फट बुजली.

फॉर्म्युला वनच्या मालकांना हे कळत नाही असे नाही. लिबर्टी मीडियाने २०१७ च्या जानेवारीत हा कारभार घेतला आणि दोन वर्षांत नेटफ्लिक्सवर एक मालिका आली, जिने शर्यतीकडे कधी न फिरकलेल्या लाखो लोकांना, विशेषतः तरुण मुलींना, तिकडे वळवले. आगंतुक प्रेक्षकाची गरज त्यांना इतकी पटलेली होती की त्याला आणण्यासाठी एक स्वतंत्र नाट्यमय मालिका बनवावी लागली. गंमत अशी की ती मालिका ज्या जागी ठेवली तीही पैसे भरूनच आत जायची जागा. दारावर तिकीट लावल्यामुळे जे लोक यायचे थांबले त्यांना बोलावण्यासाठी दुसऱ्या तिकिटाच्या तंबूत जाहिरात करायची, असा हा प्रकार आहे. मुंबई-पुण्यात तो यशस्वी झाला. मढला तो पोचायला नेटफ्लिक्स आधी पोचावे लागेल.

आपल्या देशात ह्या प्रश्नाला कायद्याचे एक उत्तर आहे, पण ते एका खेळाकडे पाहून लिहिलेले आहे. हिरो कपच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या फेब्रुवारीत ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे सांगितले. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचे थेट संकेत, हक्क कोणाकडेही असोत, प्रसार भारतीला द्यावे लागतात, आणि जाहिरातींच्या उत्पन्नाचा मोठा वाटा हक्कदाराला मिळतो. म्हणजे सुपारीच. गावाने ठरवले की हा तमाशा सगळ्यांना दिसला पाहिजे, तर तो दिसतो. क्रिकेट ह्या यादीत भरघोस आहे. ऑलिंपिक, आशियाई आणि राष्ट्रकुल स्पर्धा आहेत. हॉकी, फुटबॉल, टेनिसलाही थोडी थोडी जागा आहे. मोटारशर्यत नाही. ह्यात नवल ते काय? २०११ ते २०१३ ह्या तीन वर्षांत ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतीय ग्राँ प्री झाली तेव्हा सरकारदरबारी वाद चालू होता तो हा, की हा खेळ आहे की करमणूक. कारण करमणूक असेल तर करमणूक कर लागतो. कर, सीमाशुल्क आणि परवानग्यांच्या ह्या गुंत्यात ती शर्यत तीन वर्षांत आटोपली.

त्याच सुमारास आमच्या घाटांतल्या शर्यतीला सरकार आणि न्यायालय वेगळाच प्रश्न विचारत होते: ही क्रूरता आहे का? २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यती बंद केल्या, १६ डिसेंबर २०२१ ला अटींसह परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. बैलांच्या बाजूने जे म्हणणे मांडले गेले ते आम्ही हलके लेखत नाही. त्या अटी पाळल्या जातात की नाही हे पाहण्याचे काम अजून व्हायचे आहे. इथे मुद्दा वेगळा आहे. साडेसात वर्षे घाट ओस होते, आणि तरीही परवानगी मिळाली त्या हंगामात प्रेक्षक पूर्वीसारखेच लोटले, त्यांत असे तरुणही होते ज्यांना बंदीपूर्वीची शर्यत धड आठवतही नव्हती. त्यांची आवड कोणी राखली? आमच्या मते घाटाच्या खुलेपणाने राखली. घाटाला दार नाही. उतारावर उभे राहायला कोणी पैसे मागत नाही, त्यामुळे बंदीपूर्वी बापाच्या खांद्यावर बसून शर्यत पाहिलेले पोर हे चाहता म्हणून आले नव्हते; त्याला घरी ठेवायची सोय नव्हती म्हणून आले होते. आणि हे फुकटही नाही. बक्षिसांना लाखो रुपये लागतात, ते वर्गणीतून आणि देणगीदारांकडून येतात, आणि देणगीदाराचे नाव ध्वनिक्षेपकावरून दर चार बाऱ्यांनंतर पुकारले जाते. ही जाहिरातच आहे. खुल्या दूरचित्रवाणीचा सारा अर्थव्यवहार घाटातल्या कर्ण्यात मावतो.

आता ह्या शर्यतींचे मोबाइलवरून थेट चित्रणही होते आणि ते यूट्यूबवर खुले असते. दुबईत कामाला गेलेला माणूस तिथून आपल्या गावाच्या घाटातली बारी पाहतो. ही चित्रणे विकत घ्यायला उद्या कोणी आले तर यात्रा कमिट्यांनी काय करावे, ह्याचा विचार आत्ताच केलेला बरा. आयपीएलचे उदाहरण ताजे आहे. २०२३ साली जिओसिनेमाने ती स्पर्धा सर्वांना फुकट दाखवली आणि २०२५ मध्ये, नव्या नावाखाली, तिच्यासाठी पैसे किंवा ठराविक रिचार्ज मागितला. सुपारी दोन हंगामांची होती, तंबू कायमचा आहे.

फॉर्म्युला वनचे थेट प्रक्षेपण दूरदर्शनवर आणा अशी मागणी आम्ही करीत नाही. हक्कांची किंमत ज्याने मोजली त्याला ती वसूल करू द्यावी. पण ब्रिटनमध्ये तिकिटाच्या तंबूबाहेरही सारांशापुरती एक सतरंजी शिल्लक ठेवली गेली, तशी इथे ठेवायला हक्कदाराचे काही जाणार नाही. डीडी स्पोर्ट्स दूरदर्शनच्या फ्री डिशवर मिळते, आणि ज्या कोट्यवधी घरांत महिन्याचे भाडे न भरता एक छत्री पत्र्यावर बसवली आहे ती बहुतेक मढसारख्याच गावांतली आहेत. शर्यतीनंतरच्या सोमवारी किंवा मंगळवारी तासाभराचा सारांश, इतकेच पुरे. जो पैसे भरून रविवारी पाहतो तो मंगळवारच्या तासासाठी आपले सदस्यत्व सोडणार नाही. आणि मंगळवारी ज्याने वाहिनी बदलता बदलता तो तास पाहिला, त्याच्यापैकी एखादा पुढच्या रविवारी पैसे खर्च करील. हा तर हक्कदाराच्याच फायद्याचा हिशेब आहे.

एक अडचण मात्र आहे, भाषेची. हा तास मराठीत असावा असे आम्हांला वाटते, आणि मराठीत मोटारशर्यतीचे समालोचन करायची सवय कोणाला नाही. वृत्तपत्रांनी ‘पोल पोझिशन’ला ‘अव्वल स्थान’ म्हणून आणि ‘लॅप’ला ‘फेरी’ म्हणून वेळ मारून नेली आहे, पण छापलेला शब्द आणि तीनशेच्या वेगाने जाणाऱ्या गाडीबरोबर तोंडातून निघणारा शब्द ह्यांत अंतर आहे. ते अंतर तोडणारे लोक आपल्याकडे आहेत, फक्त स्टुडिओत नाहीत. चैत्र-वैशाखात ओतूर ते मंचर कुठल्याही घाटात जावे. बारा सेकंदांच्या बारीत गाड्याचे नाव, मालकाचे गाव, बैलांची जोडी, मागच्या घाटातला वेळ आणि आत्ताचा वेळ हे सारे एका दमात, एकही अक्षर न खाता सांगणारा निवेदक तिथे माइक धरून उभा असतो. मोनॅकोची पात्रताफेरी एकदा त्याच्या हाती देऊन पाहावी.